गुणसूत्रांचा सांधा आणि जनावरांची प्रजननक्षमता

गेल्या हिवाळ्यात एका गावी पशुपालकांच्या बैठकीस गेलो असता, मागच्या ओळीतून एक वृद्ध बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, वळू हत्तीसारखा. तुम्हीच प्रदर्शनात त्याच्या गळ्यात हार घातला. म्या तीन येळा गाय दाखवली, तिन्ही येळा उलटली. वांझ म्हणून बाजारात इकली. आता शेजारच्याची बी उलटतीया. मग नशीब फुटकं कुणाचं, माझं का गाईचं?"

बैठकीत हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हार मीच घातला होता. खांद्याची उंची, वशिंड, कातडीची चमक आणि पायांची ठेवण पाहून त्या वळूस पहिला क्रमांक देण्यात आला होता. पुढे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याचे वीर्य दोन वेळा तपासले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू जवळजवळ आढळलेच नाहीत. बाईंची गाय बहुधा निर्दोष होती आणि ती कवडीमोलाने गेली.

वरून निकोप दिसणारे जनावर फळत नाही, याची कारणे अनेक असतात. अपुरा आहार, गर्भाशयाचे रोग, माज ओळखण्यातील चूक, उन्हाळ्याचा ताप ही कारणे आपल्या परिचयाची आहेत व बहुतेक वेळा दोष त्यांतच सापडतो. परंतु काही जनावरांत दोष जन्मजात असून तो जननपेशींच्या अंतरंगात दडलेला असतो. त्या ठिकाणी निसर्ग काय करतो, हे गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ स्पष्ट झाले आहे. ते समजून घेतल्यास वळूची पारख केवळ डोळ्यांनी का करू नये, हे आपोआप ध्यानात येईल.

बीजपेशी कशी तयार होते

प्राण्यांच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे असतात. त्यांस गुणसूत्रे म्हणतात व ती डीएनए या द्रव्याची बनलेली असतात. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, आपल्या मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीच्या पेशीत ५०, शेळीच्या पेशीत ६० आणि मेंढीच्या पेशीत ५४. ही गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून आलेले असते.

शुक्रजंतू किंवा बीजांड तयार होताना मात्र ही संख्या निम्मी व्हावी लागते. गाईच्या बीजांडात ३० व वळूच्या शुक्रजंतूत ३० गुणसूत्रे असली, तरच त्यांच्या मीलनातून होणाऱ्या वासरात पुन्हा ६० भरतील. संख्या निम्मी करणाऱ्या या विभाजनास अर्धसूत्री विभाजन असे नाव आहे. ज्वारीच्या राशीतून अदमासे निम्मे धान्य वेगळे करावे, तसे हे काम नाही. प्रत्येक जोडीतून नेमके एक गुणसूत्र इकडे व एक तिकडे गेले पाहिजे. एखादे जास्त गेले किंवा कमी पडले, तर त्यापासून होणारा गर्भ बहुधा सुरुवातीसच मरतो.

यासाठी प्रथम प्रत्येक गुणसूत्रास आपला जोडीदार शोधावा लागतो. पेशीचे अंतरंग डोळ्यास न दिसण्याइतके लहान, धागे लांबलचक आणि एकमेकांत गुंतलेले. अशा गर्दीत जोडीदार सापडतो कसा?

हेतुपुरस्सर केलेली तोड

या प्रश्नाचे उत्तर आश्चर्यकारक आहे. सस्तन प्राण्यांच्या बहुतेक गुणसूत्रांस जोडीदार सापडतो, तो आधी स्वतःचे धागे तोडून घेतल्यावर! एरवी डीएनएचा धागा तुटणे हे पेशीवरील मोठे संकट होय. परंतु अर्धसूत्री विभाजनाच्या आरंभी पेशी स्वतःच एक प्रथिन कामास लावते आणि ते प्रथिन धागे ठिकठिकाणी तोडीत जाते. त्याचे नाव स्पो-११. ते तोडीचे काम करते, हे १९९७ मध्ये प्रथम यीस्टच्या, म्हणजे किण्वाच्या पेशींत दिसून आले. उंदराच्या एका जननपेशीत अशा सुमारे दोनशे ते तीनशे तोडी होतात.

दोर वळणाऱ्यास हे चटकन समजेल. तुटलेल्या दोराचा पीळ जसाच्या तसा पुन्हा बसवावयाचा असेल, तर तसाच दुसरा अखंड दोर शेजारी ठेवून त्याप्रमाणे सांधा भरावा लागतो. तुटलेल्या गुणसूत्राचेही तसेच आहे. त्याचे मोकळे टोक आपल्याशी जुळणारा मजकूर असलेला धागा शोधू लागते आणि तो धागा असतो त्याच्या जोडीदाराचा. येणेप्रमाणे दुरुस्तीच्या निमित्ताने दोन्ही जोडीदार एकमेकांजवळ येतात व लांबीभर चिकटून बसतात.

बहुतेक तोडी मूळच्याप्रमाणे सांधल्या जातात. परंतु उंदरात सुमारे दहातील एका तोडीच्या जागी सांधताना दोन जोडीदारांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. या अदलाबदलीमुळेच आईकडील व बापाकडील गुण नव्या रीतीने एकत्र येतात. अदलाबदलीच्या वेळी गुणसूत्रांचे तुकडे खरोखरच इकडून तिकडे जातात, हे हॅरिएट क्रायटन व बार्बरा मॅक्क्लिंटॉक या दोन विदुषींनी १९३१ मध्ये मक्याच्या पिकात दाखवून दिले होते.

अदलाबदलीचा दुसरा उपयोग तितकाच महत्त्वाचा आहे. तिच्यामुळे पडलेली गाठ दोन्ही जोडीदारांस विभाजनाच्या क्षणापर्यंत एकत्र धरून ठेवते. जुवास जुंपलेले दोन बैल जसे बरोबर राहतात, तशी ही जोडी राहते आणि योग्य वेळी जू सुटले म्हणजे एक इकडे व एक तिकडे जातो. गाठच पडली नाही, तर दोन्ही गुणसूत्रे मोकाट सुटतात आणि वाटणी चुकते.

सांधणारी प्रथिने

तोडणारे प्रथिन मुख्यतः एक. सांधणारी मात्र अनेक आहेत. आरएडी-५१ व डीएमसी-१ ही दोन प्रथिने तुटलेल्या टोकावर बसतात आणि जुळणारा धागा शोधून काढतात. त्यांस त्या टोकावर बसविण्याचे काम बीआरसीए-२ हे प्रथिन करते. एमएसएच-४ व एमएसएच-५ ही जोडी अदलाबदल होऊ घातलेल्या जागा सांभाळते. एमएलएच-१ व एमएलएच-३ ही जोडी त्या जागी गाठ पक्की करते.

यांपैकी काही प्रथिने केवळ जननपेशींचीच नाहीत. आरएडी-५१, बीआरसीए-२ व एमएलएच-१ ही शरीरातील इतर पेशींतही राबतात. डीएनएची नक्कल होताना अक्षर चुकले, तर ते दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांत एमएलएच-१ चा समावेश होतो. डीएनएच्या दुरुस्तीवरील मूलभूत संशोधनासाठी टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ सँकार यांस २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात यावे.

या प्रथिनांवाचून काय होते, हे उंदरांवरील प्रयोगांत पाहण्यात आले. एमएलएच-१ नसलेले उंदीर १९९६ मध्ये, डीएमसी-१ नसलेले १९९८ मध्ये, एमएसएच-५ नसलेले १९९९ मध्ये व स्पो-११ नसलेले २००० मध्ये तयार करण्यात आले. या चारही प्रकारांत नर व मादी दोन्ही वांझ निघाले. विशेष लक्षात ठेवावयाचे ते असे की, डीएमसी-१ किंवा स्पो-११ नसलेला उंदीर इतर बाबतींत धडधाकट असतो. तो खातो, वाढतो आणि दिसावयासही चांगला दिसतो. दोष दिसतो तो वृषणात, कारण तेथे शुक्रजंतू तयारच होत नाहीत. प्रदर्शनातील पंचास असा उंदीर दाखविला, तर त्यालाही हार मिळेल!

गोवंशातही हीच यंत्रणा चालते. हजारो वळूंच्या वंशावळींचा व गुणसूत्रांवरील खुणांचा अभ्यास करून २०१२ मध्ये असे दाखविण्यात आले की, अदलाबदलीचे प्रमाण वळूवळूंत निरनिराळे असते आणि त्या फरकामागे आरएनएफ-२१२, आरईसी-८ व पीआरडीएम-९ यांसारख्या जनुकांतील भेद असतात.

नर आणि मादी यांतील भेद

वळूच्या वृषणात हे काम वयात आल्यापासून अखंड चालू असते. मूळ पेशीपासून शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६० दिवस लागतात व पुढे तो परिपक्व होण्यास आणखी आठ-दहा दिवस जातात. तोडजोड चालू असलेल्या पेशी उष्णतेस विशेष नाजूक असतात. म्हणूनच निसर्गाने वृषण शरीराबाहेर, काही अंश थंड जागी ठेवले आहेत. वळूस लाळ-खुरकूत किंवा अन्य रोगाने तीव्र ताप आला, तर त्याचा परिणाम पुढे दोन-अडीच महिने वीर्यात दिसू शकतो. असा वळू लगेच बाद ठरवू नये व लगेच वापरूही नये.

मादीचे गणित निराळे आहे. कालवड आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, तिच्या बीजकोशात अर्धसूत्री विभाजन सुरू होते. तोड, जोडीदाराचा शोध आणि सांधा ही सर्व कामे गर्भावस्थेतच उरकतात. नंतर बीजांड अर्ध्या वाटेवर थांबते व काही वर्षांनी माजाच्या वेळी पुढे सरकते. गर्भातील कालवडीत एके काळी सुमारे २७ लाख जननपेशी असतात. जन्माच्या वेळी त्यांपैकी लाख-दीड लाखच उरतात. ज्या पेशींतील तोडी सांधल्या गेल्या नाहीत, त्यांस मोडीत काढणारी परीक्षक प्रथिनेही पेशीत असतात आणि ही घट होण्यास ती काही अंशी कारण होतात. बीजांडांचा साठा पुढे आयुष्यात भरून निघत नाही.

संकरित जनावरांतून मिळणारा धडा

खेचर वांझ असते, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. घोड्याची गुणसूत्रे ६४ व गाढवाची ६२. म्हणून खेचराची ६३. त्याच्या जननपेशीत गुणसूत्रांस नीट जुळणारा जोडीदार सापडत नाही. ओझे वाहण्यास खेचरासारखे काटक जनावर विरळा. परंतु शरीराची ताकद व बीजाची ताकद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा तो चालताबोलता पुरावा होय.

लडाखमध्ये याक व गाय यांच्या संकरातून झो नावाचे जनावर तयार करतात. याकची गुणसूत्रे ६० व गाईचीही ६०. संख्येत काहीच फरक नाही. तरीही नर झो वांझ असतो आणि मादी, जिला झोमो म्हणतात, ती फळते. नराच्या वृषणातील काम अर्धसूत्री विभाजनाच्या टप्प्यावर अडते. संकरात एकच लिंग वांझ निघत असेल, तर ते बहुधा असमान लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते, असा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला होता. सस्तन प्राण्यांत ते लिंग नराचे.

उंदरांच्या दोन उपजातींच्या संकरात हाच प्रकार होतो. त्यास पीआरडीएम-९ हे जनुक जबाबदार आहे, असे प्राग येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखविले. धागे कोठे तोडावयाचे, ती जागा हे प्रथिन निवडते. संकरित नरात दोन जोडीदारांवरील जागा परस्परांशी जुळत नाहीत व पुष्कळ तोडी सांधावयाच्या राहून जातात. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी त्या प्रथिनाचा डीएनए पकडणारा भाग मानवी नमुन्याप्रमाणे बदलला, तेव्हा ते संकरित नर फळू लागले.

आपल्याकडील देशी गाय व विदेशी वळू यांचा संकर इतक्या टोकाचा नाही. संकरित गाई उत्तम फळतात व दूधही देतात. तथापि संकरित वळूंपैकी बऱ्याच वळूंचे वीर्य कमी प्रतीचे निघते, असा आपल्या देशातील वीर्यकेंद्रांचा अनुभव आहे. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. म्हणून घरच्या गाईचा संकरित गोऱ्हा केवळ देखणा आहे एवढ्यावरून गावासाठी वळू म्हणून राखू नये.

चुकीचा सांधा : स्वीडनमधील उदाहरण

तोड सांधली गेली, पण भलत्याच ठिकाणी, तर काय होते? १९६४ मध्ये स्वीडनमधील इंगेमार गुस्ताव्हसन व त्यांच्या सहकाऱ्याने तेथील गाईबैलांत असा प्रकार नोंदविला. त्यांच्यात पहिल्या क्रमांकाचे व एकोणतिसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र एकमेकांस कायमचे जोडले गेले होते. त्यामुळे गुणसूत्रांची संख्या ६० ऐवजी ५९ भरे. जनावर दिसावयास पूर्ण निरोगी. परंतु त्याच्या जननपेशींत वाटणी करताना काही वेळा चूक होई व तयार झालेला गर्भ मरे.

अशा जनावरांची फळण्याची शक्ती शेकडा पाचाच्या आसपास कमी असल्याचे दिसून आले. आकडा लहान वाटेल. परंतु कृत्रिम रेतनासाठी वापरलेल्या एका वळूपासून हजारो कालवडी होतात आणि त्यांतील सुमारे निम्म्या हा दोष वाहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नुकसानीची कल्पना येते. स्वीडनने असे वळू रेतन कार्यातून काढून टाकले. आपल्या देशातही वीर्यकेंद्रांसाठी घालून दिलेल्या किमान मानकांत वळूच्या गुणसूत्रांची तपासणी समाविष्ट आहे. रेतनासाठी मान्यताप्राप्त केंद्राची रेतमात्रा वापरण्याचा आग्रह आपण धरतो, त्याचे हे एक सबळ कारण होय.

ग्रामपातळीवर काय करावे

सांधणारी प्रथिने खेड्यात तपासता येत नाहीत आणि त्यांतील जन्मजात दोषावर औषधही नाही. अशा दोषावर टॉनिक, गंडा किंवा महागडी इंजेक्शने यांचा उपयोग होत नाही. परंतु पुढील गोष्टी प्रत्येक गावात करता येण्यासारख्या आहेत.

१. प्रत्येक गाई-म्हशीच्या माजाची, रेतनाची आणि उलटल्याची तारीख वहीत लिहावी. वळू किंवा रेतमात्रेचा क्रमांकही लिहावा. तारखेवाचून केलेला अंदाज निरुपयोगी होय.

२. गाय किती दिवसांनी उलटली ते मोजावे. सुमारे २१ दिवसांनी उलटली, तर गर्भ राहिलाच नसेल किंवा फार लवकर मेला असेल. २५ ते ३५ दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उलटली, तर गर्भ राहून मेला असण्याचा संभव असतो. मधला माज नजरेतून सुटला असण्याचाही संभव असतो. ही नोंद पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस निदानासाठी फार उपयोगी पडते.

३. एकच गाय उलटत असेल, तर प्रथम गाईची तपासणी करावी. एकाच वळूकडे दाखविलेल्या अनेक गाई उलटत असतील, तर प्रथम वळूची तपासणी करावी. हा भेद न केल्यामुळे निर्दोष गाई बाजारात जातात.

४. गावात नैसर्गिक रेतनासाठी वळू किंवा रेडा ठेवावयाचा असल्यास आधी त्याचे वृषण व वीर्य तपासून घ्यावे. ताप येऊन गेला असल्यास दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासावे.

५. वळू स्वतःच्या मुलींवर सोडू नये. सांध्याचे दोष पुष्कळदा सुप्त असतात. आई व बाप या दोघांकडून सदोष जनुक आले तरच ते प्रकट होतात आणि जवळच्या नात्यातील संकरात तसे होण्याची शक्यता वाढते. त्याच्या कालवडी माजावर येण्यापूर्वीच वळू बदलावा.

६. नापास ठरलेल्या वळूचे वेळीच खच्चीकरण करून त्यास शेतीकामास लावावे. तो उत्तम बैल होऊ शकतो. बाप होण्यास मात्र तो अपात्र आहे.

७. तीन वेळा उलटलेली गाय वांझ ठरविण्यापूर्वी माजाची वेळ, आहार, गर्भाशयाचे रोग व वळू या चारही बाबी तपासून पाहाव्यात.

गाय एकदा उलटली म्हणजे २१ दिवस गेले, तीनदा उलटली म्हणजे दोन महिने गेले. तेवढ्या दिवसांचा चारा, पेंड व मेहनत पशुपालकाच्या पदरी पडते आणि दूध मात्र पडत नाही. दोन गाईंच्या जिवावर घर चालविणाऱ्या कुटुंबास हे नुकसान पेलत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील वळूंची यादी करून येत्या महिनाभरात त्यांच्या तपासणीची व्यवस्था पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करावी.

त्या बाईंच्या प्रश्नास मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे वीर्याचा अहवाल आला, तेव्हा त्यांच्या घरी जाऊन तो वाचून दाखविला आणि म्हटले, "मावशी, फुटकं नशीब कोणाचंच नव्हतं. तपासायचं आम्ही राहिलो." त्यांनी अहवालाचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला व विचारले, "हे आधी करता येत होतं व्हय?" करता येत होते. यंदाच्या प्रदर्शनात वळूंच्या गटात नाव नोंदविताना वीर्य तपासणीचा दाखला मागण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्याच्याकडे दाखला नाही, तो वळू कितीही देखणा असला तरी हारास पात्र ठरणार नाही.